दुखत नाही म्हणून सोडू नका: लघवीतल्या रक्ताविषयी

मार्च उजाडला की सांगली-साताऱ्याच्या जत, आटपाडी, माण, खटाव या भागांत लघवीला जळजळ होणं ही घरोघरची तक्रार असते. उन्हाळी लागली म्हणायचं, सब्जा भिजवायचा, धने-जिऱ्याचं पाणी प्यायचं. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतंही. उन्हात राबताना पाणी पोटात कमी गेलं की लघवी दाट आणि पिवळीजर्द होते. पाणी वाढवलं की निवळते. घात होतो तो लघवी लाल दिसली तरी तिला हाच हिशेब लावला जातो तेव्हा. नुसत्या उष्णतेनं लघवी गडद होईल, पण तिच्यात रक्त येणार नाही. रक्त आलं असेल तर किडनीपासून लघवीच्या वाटेच्या तोंडापर्यंत कुठून तरी ते झिरपलं आहे, आणि ती जागा सापडल्याशिवाय विषय संपत नाही.

किती लाल दिसली यावरून दुखणं किती मोठं हे ठरत नाही. एक लिटर लघवीत जेमतेम एक मिलिलिटर रक्त मिसळलं तरी रंग डोळ्यांना दिसतो. साध्या जंतुसंसर्गात धार लालभडक होऊ शकते, आणि कॅन्सरमध्ये एकदाच फिकट गुलाबी.

मला सर्वांत काळजी वाटते ती न दुखणाऱ्या रक्ताची. मुतखडा सरकला की कंबरेपासून जांघेपर्यंत अशी कळ मारते की माणूस मध्यरात्री गाडी करून दवाखाना गाठतो. जंतुसंसर्गात जळजळ होते, घडीघडी जावं लागतं, ताप येतो. ही माणसं आपोआप डॉक्टरांपुढे पोचतात. पण साठीचा बिडी ओढणारा शेतकरी, एके सकाळी लघवी लाल होते, कुठं काही दुखत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वच्छ. तो कशाला जाईल? लघवीच्या पिशवीच्या, म्हणजे मूत्राशयाच्या कॅन्सरची सर्वांत नेहमीची पहिली खूण मात्र नेमकी हीच असते. गाठीतल्या रक्तवाहिन्या कच्च्या असतात. एखादी फुटते, रक्त येतं, गोठतं आणि थांबतं. गाठ जागेवरच राहते. मधल्या काळात पानफुटीचा रस, हुलग्याचं माडगं किंवा मेडिकलवरून आणलेल्या गोळ्या जे काही घेतलं असेल त्याला गुण आला असं वाटतं, आणि पुढचे काही महिने हातचे जातात.

या कॅन्सरचं कारण माणसाला कळलं ते रंगाच्या कारखान्यांतून. 1895 मध्ये लुडविग रेन या जर्मन शल्यचिकित्सकानं कृत्रिम रंग बनवणाऱ्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळतात हे दाखवून दिलं. त्या कामात अंगात जाणारी काही रसायनं रक्तातून किडनीत येतात, लघवीत उतरतात आणि पिशवीच्या अस्तराला तासन्‌तास लागून राहतात. बिडी-सिगारेटच्या धुरातही याच जातीची रसायनं असतात. पाश्चात्त्य देशांत मूत्राशयाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमागे धूम्रपान असतं. बिडीनं छाती खराब होते हे गावात सगळे जाणतात. तिचा लघवीच्या पिशवीशी संबंध आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पुरुषांना हा आजार बायकांच्या तीन-चार पट होतो.

म्हणजे लाल लघवी दिसली की कॅन्सरच, असं मुळीच नाही. मुतखडा, जंतुसंसर्ग, वयस्क पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, कधी किडनीचा क्षयरोग अशी कितीतरी कारणं असतात. किडनीचा स्वतःचा आजार मात्र वेगळा ओळखू येतो. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळतात आणि तांबड्या पेशी सहसा पलीकडे जाऊ देत नाहीत. या गाळण्यांनाच सूज आली की पेशी कशाबशा, वेड्यावाकड्या होऊन निसटतात. मग लघवी लालभडक न दिसता कोऱ्या चहासारखी दिसते, तिच्यात गाठी पडत नाहीत, फेस मात्र येतो. लहान मुलाचा घसा दुखून गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनी, किंवा अंगावरचे फोड चिघळल्यावर त्याहून थोड्या उशिरानं, सकाळी तोंड सुजलेलं आणि लघवी अशा रंगाची दिसली तर त्याच दिवशी दाखवा. रक्तदाब तपासायला सांगा. तो चढलेला असू शकतो.

डॉक्टरांना एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी असते: रक्त धारेच्या सुरुवातीला होतं, शेवटी होतं की पहिल्यापासून अखेरपर्यंत. सुरुवातीचं बहुधा मूत्रमार्गातलं, म्हणजे पिशवीच्या खालच्या नळीतलं, शेवटचं पिशवीच्या तोंडाशी किंवा प्रोस्टेटजवळचं, आणि सगळी धारच लाल असेल तर पिशवी किंवा तिच्या वरची जागा. लोकांना हे सांगायला संकोच वाटतो, पण एवढ्यावरून तपासाला दिशा मिळते.

काही वेळा लाल दिसतं ते रक्त नसतंच. बीट खाल्ल्यावर होतं. टीबीच्या रिफॅम्पिसिननं लघवी नारिंगी-लाल होते. त्याला घाबरून औषध बंद करू नये. सांगलीकडच्या तालमींत नव्या पोरांनी एकदम हजारभर बैठका मारल्या, की कधी कधी स्नायू फुटून त्यातला मायोग्लोबिन हा पदार्थ लघवीत उतरतो. लघवीत पट्टी बुडवून केलेल्या तपासणीत रक्त दाखवतं, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी सापडत नाहीत. हे रक्त नसलं तरी किडनीला धोका मोठा, तेव्हा अंग ठणकतंय आणि लघवी काळपट झाली तर थांबू नये. साताऱ्याच्या घाटात लांब पळणाऱ्यांच्या लघवीतही कधी रक्त उतरतं. ते दोन-तीन दिवसांत जातं; नाही गेलं तर तपासायचं.

उसात, गवतात काम करणाऱ्यांनी घोणशीचं लक्षात ठेवावं. तिच्या विषानं रक्त गोठायचंच थांबतं. हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त यायला लागतं, पाठोपाठ किडनी बंद पडू शकते. तिथं मांत्रिकाकडे घालवलेला एक-एक तास महाग पडतो. सर्पविषावरची लस मिळेल असा दवाखाना गाठायचा, दुसरं काही नाही.

त्याच दिवशी धावायचं अशा आणखी थोड्या वेळा आहेत. रक्ताच्या गाठी अडकून लघवी तुंबली, थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं सुरू झालं, मार लागल्यावर रक्त आलं, किंवा बाई गरोदर आहे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनानं बंद करू नका, आणि गोळ्यांमुळे आलं असेल म्हणून सोडूनही देऊ नका. गोळी फार तर आधीच असलेली जखम उघडी पाडते.

बायकांचं दुखणं इथंही मागं पडतं. पाळीचं असेल, अंगावरचं असेल म्हणून त्या स्वतःच गप्प बसतात. दवाखान्यात गेल्या तर कल्चर, म्हणजे लघवीत कोणते जंतू वाढतात याची तपासणी, न करताच पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक दिलं जातं. पाळी थांबलेल्या बाईला कपड्यावर रक्त दिसलं, तर ते लघवीतलं असो की गर्भाशयातलं, दोन्ही तपासायलाच हवं.

सुरुवात साधी असते: लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, किडनीचं काम कसं चाललंय हे सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन, पिशवी भरलेली असताना सोनोग्राफी. पण सोनोग्राफी चांगली आली म्हणून चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं, त्यातही बिडी ओढणाऱ्यानं, घरी परतू नये. छोटी, चपटी गाठ तिच्यातून सुटू शकते. ती दिसते दुर्बिणीतून. या तपासणीची लोकांना फार धास्ती असते. खरं तर जागा बधिर करणारी जेली लावून दुर्बिणीची बारीक नळी लघवीच्या वाटेनं आत सरकवतात, काही मिनिटांत काम होतं, नंतर एक-दोन दिवस थोडी जळजळ राहते. गाठ अस्तरापुरती असताना सापडली तर पोट न फाडता दुर्बिणीतूनच खरवडून काढता येते. ती परत येऊ शकते, म्हणून पुढची काही वर्षं ठरल्या वेळी दुर्बीण करून घ्यावी लागते. सांगलीकरांना त्यासाठी मिरज जवळ आहे, साताऱ्याकडच्यांना कराड. कॅन्सरचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात, तेव्हा जाताना रेशन कार्ड आणि आधार बरोबर घ्या आणि दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा.