जॉर्डनला संघातून काढलंच नव्हतं

'मायकेल जॉर्डनला शाळेच्या बास्केटबॉल संघातून काढून टाकलं होतं' हा या महान अमेरिकन बास्केटबॉलपटूचा किस्सा प्रेरणादायी भाषणांत हमखास येतो. ऐकायला झकास, पण अर्धवट. १९७८ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये तो दहावीत होता. त्या वयाची मुलं सहसा कनिष्ठ संघातच खेळत. त्यालाही तिथेच घेतलं. त्याच्या वर्गातला लिरॉय स्मिथ तेवढा वरिष्ठ संघात गेला, कारण प्रशिक्षकांना उंची हवी होती. स्मिथ ६ फूट ७ इंच, जॉर्डन जेमतेम ५ फूट १० इंच! वरिष्ठ संघाच्या यादीत नाव नाही म्हणून पोरगा घरी जाऊन रडला, हे मात्र खरं. मग कनिष्ठ संघात त्याने गुणांचा पाऊस पाडला. पुढच्या वर्षी तो वरिष्ठ संघात आला, तोवर उंचीही वाढली होती.