पाऊस पडतो ना धो धो, मग शेतीच्या पाण्याचं टेन्शन कशाला?

एक किलो बीफला १५,४०० लिटर पाणी लागतं हा आकडा कुठे ना कुठे वाचला असेलच, आणि त्यावर ब्रिटनमधला माणूस हमखास म्हणणार की अहो आमच्याकडे आभाळ सतत गळतंय, गवत पावसावर वाढतं, गाय ते खाते, यात पाणी वाया गेलं कुठे? आता खरं सांगायचं तर तो बराचसा बरोबर आहे. हा आकडा जगाची सरासरी आहे आणि त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त 'हिरवं पाणी' आहे, म्हणजे पावसाचं, मातीत मुरलेलं. गाय नसती तरी त्या डोंगरावरच्या गवतातून ते पाणी हवेत उडून गेलंच असतं. नदी-धरणातून, बोअरमधून उपसलेलं ते 'निळं पाणी', त्याची बात वेगळी. दोन्हींची बेरीज करून एकच आकडा तोंडावर फेकायचा, हे मला तरी पटत नाही.

पण म्हणून विषय संपला का, तर नाही.

लंडनला वर्षाला ६०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपल्या पुण्यापेक्षा कमी! पूर्व इंग्लंडमध्ये बटाट्याला उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागतं आणि नद्या आटतात नेमक्या तेव्हाच, २०२२ साली तर थेम्सचा उगमच कोरडा पडला होता. वर्षाची सरासरी काय चाटायचीय, पाणी हवं तेव्हा हवं. कोकणातल्यांना हे सांगायला नको, ३००० मिमी पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये टँकर येतातच की.

आणि एक गोष्ट अशी की जिथे पाऊस जास्त तिथे ती उलट आणखी बिघडते. वेल्स-इंग्लंडच्या सीमेवरून वाहणाऱ्या वाय नदीच्या खोऱ्यात दोनेक कोटी कोंबड्या पाळतात, त्यांची विष्ठा खत म्हणून शेतात पडते, माती त्यातला सगळा फॉस्फरस धरून ठेवू शकत नाही, पाऊस तो नदीत नेतो आणि शेवाळ माजून पाणी हिरवं होतं. इथे पाणी किती लागलं हा प्रश्नच नाही, ते काय घेऊन नदीत गेलं हा आहे.

शिवाय ब्रिटनच्या ताटातली कितीतरी भाजी-फळं येतात स्पेनमधून. तिथे वेल्वा भागातल्या स्ट्रॉबेरीसाठी इतका भूजल उपसा झालाय, त्यात बेकायदा विहिरीही आल्या, की शेजारचं दोन्याना अभयारण्य सुकायला लागलं आणि २०२१ मध्ये युरोपियन कोर्टाने स्पेनलाच दोषी ठरवलं. लंडनच्या पावसाचा त्या स्ट्रॉबेरीला काडीचा उपयोग नाही.