वासुदेव गायतोंडे यांची चित्रपद्धती

तैलरंगाचे पातळ थर चढवत, त्यांतले काही पुन्हा उचलून घेत चित्र घडवण्याची ही रीत. वासुदेव गायतोंडे (1924–2001) यांचा जन्म नागपूरचा, कुटुंब मूळ गोव्याचे. बालपणाचा काही काळ बार्देश तालुक्यातल्या, म्हापशाजवळच्या उसकई गावात गेला. 1948 मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका, 1971 मध्ये पद्मश्री आणि पुढल्या वर्षी दिल्लीला स्थलांतर. आपल्या कामाला 'अमूर्त' म्हणणे त्यांना रुचत नसे. 'वस्तुनिरपेक्ष', म्हणजे कोणतीही वस्तू न दाखवणारे, हा शब्द ते स्वीकारत. त्यामुळे त्यांच्या पिवळ्या-तांबूस फलकांत (कॅनव्हासवरच्या चित्रांत) बार्देशची शेते शोधण्यात अर्थ नाही. त्यांच्या चित्रात स्मृती असते ती थरांची: आधी लावलेले आणि नंतर झाकले गेलेले वरच्या रंगातून जाणवत राहते.

1970च्या दशकातले त्यांचे फलक बहुधा उभे, साधारण 60 ते 70 इंच उंच आणि 40 इंच रुंद असत. रंग ब्रशपेक्षा रोलरने आणि पॅलेट नाइफने (रंग कालवायच्या बोथट सुरीने) पसरला जाई. ओल्या थरावर वर्तमानपत्राचे किंवा मासिकाचे फाडलेले, कापलेले तुकडे दाबायचे, मग उचलायचे. कागदासोबत रंग निघतो आणि खालचा थर उघडा पडतो. लिपीसारखे भासणारे आकार बरेचदा असे आले आहेत. रंगवण्याआधीचा विचार दीर्घ असे, म्हणून वर्षाकाठी पूर्ण होणारी चित्रे मोजकीच.

ही रीत करून पाहणाऱ्यांचे काम बिघडते ते मुख्यतः वेळेवरून. थर फार ओला असेल तर कागद सरकतो आणि कडा फिसकटतात. फार सुकला तर काहीच निघत नाही. बोटाला चिकट लागावा, पण बोटावर उतरू नये, ही वेळ नाजूक उचलीसाठी बरी. कोरडा कागद रंगातले तेलही शोषतो, म्हणून एकाच जागी वारंवार दाबल्यास तिथला रंग निस्तेज, खडूसारखा होतो. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ केलेले, वरच्यांत जवसाचे तेल क्रमाने जास्त, हा तैलरंगाचा जुना नियम इथे पाळावाच लागतो. उलट केल्यास वरचा थर आधी सुकून तडकतो. शिवाय सगळे रंग एका वेगाने सुकत नाहीत: अंबर (मातकट तपकिरी) लवकर, कॅडमियमचे पिवळे-तांबडे आणि हस्तिदंती काळा उशिरा.

गोव्यात जून ते सप्टेंबर हे काम अवघड होते. दमट हवेत रंग उशिरा सुकतो, सरसाचे अस्तर फुगते, कापड कधी ढिले तर कधी ताणलेले, आणि फलकाच्या पाठीला बुरशी धरते. सरसाच्या अस्तराऐवजी अॅक्रिलिक प्रायमर वापरणे आणि चिऱ्याच्या ओल्या भिंतीपासून फलक काही इंच दूर ठेवून मागे हवा खेळू देणे, हे दोन उपाय बऱ्यापैकी पुरतात. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या ढिगाने टाकू नयेत. त्या आपोआप पेट घेतात. त्या उघड्यावर पसरून सुकवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात.

गोव्यातल्या देवळांवरच्या कावी कलेतही वरचा तांबडा थर खरवडून खालचा पांढरा चुना दाखवतात. साम्य लक्षवेधी आहे, पण गायतोंडे यांनी तिथून काही घेतले असे म्हणायला आधार नाही. युरोपीय चित्रकार पॉल क्ले आणि बौद्ध परंपरेतला झेन विचार यांचे ऋण मात्र स्पष्ट आहे. 1984 मधील अपघातानंतर मोठे फलक काही वर्षे थांबले आणि ते कागदावर शाईची छोटी रेखाटने करू लागले.