व्यावसायिक सल्लागार-वर्तुळ

नोकरी, धंदा किंवा पेशा यांतील महत्त्वाच्या निर्णयांच्या वेळी ज्यांना विश्वासाने विचारता येते आणि जे भीड न बाळगता उत्तर देतात, अशा चार-सहा व्यक्तींचा अनौपचारिक गट. या गटाची बैठक भरत नाही, त्याला अध्यक्ष नसतो आणि त्यातील माणसे पुष्कळदा एकमेकांना ओळखतही नाहीत. सल्ला घेणारी व्यक्ती एवढाच त्यांच्यातील दुवा असतो.

एकाच गुरूवर विसंबण्याची कल्पना जुनी आहे. तिच्याऐवजी अनेकांच्या आधाराचा विचार अभ्यासकांनी अलीकडे मांडला. कॅथी क्रॅम यांनी १९८५ मध्ये मार्गदर्शकाच्या कामाचे दोन भाग पाडले : बढती, ओळखी, संधी यांसाठी होणारी मदत आणि धीर, आपुलकी, स्वतःविषयीचा विश्वास यांसाठी होणारी मदत. दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून क्वचितच मिळतात, म्हणून पुढे २००१ मध्ये मोनिका हिगिन्स यांच्यासह त्यांनी एका व्यक्तीऐवजी संपूर्ण जाळ्याकडे पाहावे असे सुचवले. त्याआधी १९७३ मध्ये समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी ओळखीतून नोकरी मिळवलेल्यांची पाहणी प्रसिद्ध केली. नोकरीची बातमी देणाऱ्या माणसाशी ज्यांची वारंवार भेट होत असे, असे लोक त्यात सुमारे १७ टक्केच होते. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून कळली होती. जवळची माणसे बहुधा आपल्याच जगात वावरतात, त्यामुळे त्यांना ठाऊक असलेले आपल्यालाही ठाऊक असते.

बडोद्यातील मराठी कुटुंबांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष लागू पडतो. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील घरांत कारकिर्दीचा सल्ला प्रथम काका-मामांकडे मागितला जातो आणि तो प्रेमाने मिळतोही. परंतु सल्ला देणारे सगळेच एका वळणाच्या नोकरीत असले, तर चारही मते मिळून एकच मत होते. संस्थानाच्या चाकरीनंतर शहराजवळच्या कोयलीची तेलशुद्धीकरण रिफायनरी (१९६५) आणि आयपीसीएल ही सरकारी पेट्रोरसायन कंपनी (१९६९) यांसारख्या कारखान्यांनी शहराला कायम नोकरीची दुसरी परंपरा दिली. त्या काळात ‘पक्की नोकरी सोडू नये’ हा सल्ला व्यवहार्य होता. २००२ मध्ये आयपीसीएल रिलायन्सकडे गेली आणि २००७ मध्ये तिचे विलीनीकरण झाले. सल्ला मात्र अनेक घरांत जुनाच राहिला. ज्येष्ठांचे अनुभव टाकाऊ नसतात, पण ते कोणत्या सालातले आहेत हे पाहावे लागते.

सल्लागार आणि शिफारस करणारा या दोन वेगळ्या भूमिका बडोद्याच्या इतिहासात एकाच माणसात एकत्र आलेल्या दिसतात. भीमराव आंबेडकरांना वाचनाची दिशा दाखवणारे आणि महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत त्यांचे नाव पोहोचवणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी दोन्ही भूमिका बजावल्या. त्यातून आंबेडकरांना दरमहा २५ रुपयांची आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती मिळाली. मात्र १९१७ मध्ये सेवेसाठी बडोद्यास आल्यावर राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले, एका हिंदू आणि एका ख्रिस्ती परिचितानेही आसरा देण्याचे टाळले आणि ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. याला ओळखींच्या अभावाची गोष्ट म्हणणे अन्यायाचे होईल, कारण तो जातीचा बहिष्कार होता. तरीही राजाचा पाठिंबा कचेरीपर्यंत पोहोचतो आणि राहत्या वस्तीपर्यंत पोहोचेलच असे नाही, हे त्यातून दिसते. वर्तुळात वरच्या पदावरची माणसे असावीत तशी बरोबरीची, रोजच्या व्यवहारात पाठीशी उभी राहणारीही असावीत. शिक्षकाशी जडलेले नाते कुठवर जाते याचे उलट उदाहरण म्हणजे १८९० मध्ये बडोद्यात सुरू झालेल्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेचे पहिले प्रमुख त्रि. क. गज्जर. १९०७ मध्ये कोटिभास्कर व भाईलालभाई अमीन या आपल्या विद्यार्थ्यांसह ते अलेंबिक या औषध-रसायन कंपनीच्या स्थापनेत सहभागी झाले.

असे वर्तुळ उभे करताना कोणाला ‘माझे मार्गदर्शक व्हा’ असे सांगण्याची गरज नसते. तसे विचारल्यावर समोरचा माणूस बहुधा संकोचतो. लहान आणि नेमका प्रश्न अधिक उपयोगी पडतो. मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एखाद्या अभियंत्याने ‘मी काय करू?’ असे विचारले तर त्याला धीराचे दोन शब्द मिळतील. ‘खरेदी विभागात बदली मिळते आहे, पगार तोच आहे, पण तीन वर्षांनी पुन्हा डिझाइनकडे परतता येईल का?’ असे विचारले, तर तो विभाग आतून पाहिलेला माणूस उपयोगाचे काही सांगू शकेल. त्यानंतर काय ठरवले आणि त्याचे काय झाले, हे कळवणे बहुतेक जण विसरतात. सल्ला मानला नाही तरी कळवावे. वर्तुळ टिकते ते मुख्यतः यानेच.

प्रत्यक्ष वरिष्ठ चांगले असले तरी नोकरी सोडण्यासारख्या प्रश्नात त्यांचे हितसंबंध गुंतलेले असतात, म्हणून तेवढ्यापुरते त्यांना बाजूला ठेवावे. त्याच कारणाने त्याच पदासाठी इच्छुक असलेल्या मित्राचे मतही जपून घ्यावे. शिफारस मागण्याची वेळ सर्वात नाजूक असते. वशिल्यात ओळखीच्या जोरावर पात्रता नसताना काम होते, तर शिफारस करणारा स्वतः पाहिलेल्या कामाबद्दल आपले नाव पणाला लावतो. त्यामुळे ज्याने आपले काम पाहिलेले नाही त्याच्याकडे ती मागू नये, आणि मागताना नाही म्हणण्यास मोकळीक ठेवावी. गावातल्या गावात, जिथे दोन ओळखींत तिसरा सापडतोच, तिथे सल्ला घेताना बोललेले बाहेर जाऊ नये हे आधीच स्पष्ट सांगणे इष्ट असते. पेशा किंवा शहर बदलल्यावर जुन्या सदस्यांशी स्नेह राहतो, पण प्रश्न बदललेले असतात आणि त्यांच्यासाठी नवी माणसे शोधावी लागतात.