नेट कोण खातंय?

गंगापूर रोडला राहणाऱ्या माझ्या भाचीची परवा ऑनलाइन तोंडी परीक्षा होती. पाचव्याच मिनिटाला परीक्षक म्हणाले, "तुमचा आवाज तुटतोय." कनेक्शन डाउनलोडला 50 मेगाबिटचं, घरात दुसरं कुणी नेट वापरत नव्हतं. अशा वेळी आपण राउटर बंद करून चालू करतो, नाहीतर केबलवाल्याला फोन लावतो. खाणारा मात्र बऱ्याचदा समोरच्या लॅपटॉपमध्येच बसलेला असतो.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'नेटवर्क' रकान्याच्या मथळ्यावर क्लिक केलं की सर्वांत जास्त डेटा वापरणारा प्रोग्राम वर येतो. मला त्याहून विंडोजमधलाच रिसोर्स मॉनिटर आवडतो, कारण तो गेलेला आणि आलेला डेटा वेगवेगळा दाखवतो. भाचीच्या लॅपटॉपवर तिथे पहिल्याच ओळीत फोटो क्लाउडवर चढवणारं अ‍ॅप होतं. सेकंदाला सहा लाख बाइट बाहेर! एका बाइटचे आठ बिट, म्हणजे 48 लाख बिट. तिच्या कनेक्शनचा अपलोड वेग होता 5 मेगाबिट, म्हणजे 50 लाख. सप्तशृंगी गडावरच्या फोटोंनी अख्खी वाट अडवली होती. तिच्या आवाजाला जागाच उरली नव्हती.

अपलोड तुंबलं की डाउनलोडही रखडतं. वेबपान उघडताना आलेल्या तुकड्यांची पोच आपला संगणक परत पाठवत असतो. ती पोच रांगेत अडकली की पलीकडचा सर्व्हर पुढचे तुकडे हात राखून सोडतो. म्हणून आधी अपलोडचा रकाना बघावा.

पण कोणता डेटा कुणाचा, हे संगणकाला कळतं कसं? नेटवरून जाणाऱ्या पाकिटावर प्रोग्रामचं नाव नसतंच. असतो तो पत्ता आणि 0 ते 65,535 मधला एक पोर्ट क्रमांक. पंचवटीतल्या जुन्या वाड्यासारखंच हे. पोस्टमन वाड्याच्या दारापर्यंत येतो. कोणत्या खोलीत कोण राहतं, हे वाड्यातल्यांनाच ठाऊक. इथे ती नोंदवही ऑपरेटिंग सिस्टिमकडे असते: हा पोर्ट कोणत्या प्रोग्रामने उघडला, ते तिथे लिहिलेलं असतं. रिसोर्स मॉनिटर तीच वही वाचतो. लिनक्सवर नेटहॉग्ज आणि मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर हेच काम करतात.

यादीत वर 'एसव्हीसीहोस्ट' दिसलं तर लगेच व्हायरस समजू नका. विंडोजच्या स्वतःच्या सेवा त्या नावाखाली चालतात, अपडेट उतरवणंही त्यातच. आणि लॅपटॉपवर काहीच सापडलं नाही, तर घरातले मोबाइल आणि टीव्ही तपासा. त्यांचा वापर या यादीत येत नाही, त्यासाठी राउटरचं पान उघडावं लागतं.

भाचीने त्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये अपलोडला सेकंदाला 100 किलोबाइटची मर्यादा घातली. फोटो अजून चढताहेत, सावकाश.