माचू पिचूला चालत जायला चार दिवस लागतातच असं नाही

‘इंका वाटेनं पेरूतल्या माचू पिचूला जायचं तर चार दिवस तंबूत राहायचं आणि विरळ हवेत धापा टाकायच्या’ हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. ४,२०० मीटरची खिंड लागते ती लांबच्या वाटेवर.

छोटी वाट एका दिवसाची. ओयांतायताम्बो गावाहून सुटलेली रेल्वे १०४ किलोमीटरच्या खुणेपाशी थांबते. थांबा अगदी थोडा वेळ असतो, म्हणून सॅक आधीच पाठीवर हवी. उरुबांबा नदीवरचा झुलता पूल ओलांडला की चाचाबाम्बाचे इंकाकालीन अवशेष. तिथून विन्याय वायना या दुसऱ्या अवशेषांपर्यंत तीनेक तास उघडी चढण. खरा कस इथेच लागतो, उंचीमुळे नव्हे तर उन्हामुळे. वाटेत दुकान नाही, त्यामुळे दोन लिटर पाणी सोबत घ्याच. विन्याय वायनाच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांपाशी घाई करू नका. आमच्या मते वाटेवरची सर्वांत देखणी जागा हीच. शेवटी उभ्या दगडी पायऱ्या, हात टेकूनच चढाव्या लागतात, आणि मग सूर्यद्वार, म्हणजे माचू पिचूच्या वरचं जुनं दगडी प्रवेशद्वार, साधारण २,७०० मीटरवर. माचू पिचू त्याच्याही खाली, २,४३० मीटरवर.

उंची बाधते ती कुस्को शहरात, ३,४०० मीटरवर. विमानातून उतरल्यावर पहिल्या रात्री खाली उरुबांबाच्या खोऱ्यात मुक्काम केलेला बरा.

छोटी वाट म्हणून परवान्यातून सुटका नाही. अधिकृत गाइड सक्तीचा, परवाना महिनोन्‌महिने आधी काढावा लागतो आणि त्यावरचा पासपोर्ट क्रमांक जुना निघाला तर नाक्यावरूनच परत पाठवतात. फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी बंद असते.