तीन गळ्यांचा जमाव आणि झिजत गेलेली टेप

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गाणं सुरू होऊन तीन मिनिटं होतात न होतात तोच गिटार गप्प होते. पियानोचे तुटक ठोके उरतात आणि त्यांच्यावर अचानक माणसांची गर्दी उभी राहते. वरच्या पट्टीतून कुणी 'गॅलिलिओ' अशी हाक घालतं, खालून कुणी तिला उत्तर देतं, मग 'बिस्मिल्ला'चा गजर होतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, ऑपेराचा, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकाचा, पन्नाससाठ जणांचा ताफाच बोलावला असणार. प्रत्यक्षात गायले तिघंच: फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. बँडमधला चौथा गडी, बास वाजवणारा जॉन डीकन, या भागात गायलेला नाही.

गाणं फ्रेडीचं. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पियानो शिकलेला आणि तिथेच 'द हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये वाजवणारा हा फारुख बलसारा. 1975 च्या ऑगस्टअखेर वेल्समधल्या मॉनमथजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू झालं. आधी पियानो, बास आणि ड्रम्स घेतले. ऑपेरासारख्या या भागासाठी नुसती मोकळी जागा सोडली होती. तिथे काय येणार, याचा पूर्ण नकाशा फक्त फ्रेडीच्या डोक्यात होता. ती जागा भरायला तीनेक आठवडे लागले, कधी दिवसाचे दहाबारा तास गाऊन. एकावर एक चढवलेल्या आवाजांची संख्या सुमारे 180 सांगितली जाते.

हे सगळं मावलं कुठे? कॅसेट ज्यांनी पेन्सिलीनं गुंडाळली आहे त्यांना तिची फीत आठवत असेल, जेमतेम 4 मिलिमीटर रुंद. स्टुडिओतली टेप 5 सेंटिमीटर रुंद असायची. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा तपकिरी थर आणि त्या थरात शेजारी शेजारी 24 ट्रॅक, म्हणजे आवाजाच्या स्वतंत्र पट्ट्या. एकेकीला मधल्या फटीसकट 2 मिलिमीटर. माइकमधून आलेला विद्युतप्रवाह रेकॉर्डिंग हेडमधल्या चुंबकाला कमीजास्त जोर देतो आणि खालून सरकणाऱ्या थरातले सूक्ष्म कण त्याप्रमाणे चुंबकित होतात. एका ट्रॅकवर लिहिताना बाकीच्या तेवीसांना धक्का लागत नाही, म्हणून आधीचं ऐकत ऐकत नवा आवाज वर चढवता येतो.

यात एक मेख आहे. लिहिणारं हेड आणि वाचणारं हेड यांच्यात काही सेंटिमीटरचं अंतर असतं. टेप सेकंदाला 76 सेंटिमीटर वेगानं धावत असली, तरी 4 सेंटिमीटर ओलांडायला तिला सेकंदाचा एकोणिसावा भाग लागतो. वाचणाऱ्या हेडवरून जुना आवाज ऐकत गायलात तर नवा आवाज टेपवर तेवढा मागे पडणार आणि 'गॅलिलिओ'चा चिखल होणार. त्यावर तोड अशी, की त्या वेळेपुरतं लिहिणाऱ्या हेडच्याच शेजारच्या ट्रॅकना वाचायला लावायचं. तिथला आवाज थोडा मंद आणि बोथट असतो, पण ताल चुकत नाही.

आता खरा प्रश्न, तिघांचा जमाव कसा होतो? एकाच मुद्रित आवाजाच्या पन्नास हुबेहूब प्रती एकावर एक ठेवल्या, तर आवाज फक्त मोठा होईल. गर्दी होणार नाही. गर्दी होते ती माणूस तीच ओळ पुन्हा गातो तेव्हा, कारण दुसऱ्यांदा तो किंचित वेगळी गातो. तंबोरा जुळवताना जोडीच्या तारा ऐकून पाहा. एक सेकंदाला 220 वेळा आणि दुसरी 222 वेळा कंप पावत असेल, तर आवाज सेकंदाला दोनदा डोलतो. तारा जवळ आल्या की डोल मंदावतो, तंतोतंत जुळल्या की थांबतो. मानवी गळा कधीच तंतोतंत जुळत नाही. सूर केसभर वरखाली, शब्द क्षणभर आधीनंतर, असे असंख्य डोल एकमेकांत मिसळतात आणि कान म्हणतो, इथे खूप माणसं आहेत. गणपतीच्या आरतीला आवाज भरदार वाटतो तो यामुळेच. मला या गाण्यातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते: त्या भव्यतेचं मूळ गळ्याच्या बारीकशा अनिश्चिततेत आहे.

पण 180 आवाज 24 ट्रॅकवर बसत नाहीत. म्हणून आधी काही ट्रॅक भरायचे, ते एकत्र करून एकदोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागी पुढचे आवाज घ्यायचे. प्रत्येक उतरवणीत टेपची स्वतःची खरखर सोबत येते. प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत, असे काही आवाज आठव्या पिढीपर्यंत गेले. त्यातच फ्रेडीला दरवेळी आणखी एखादा 'गॅलिलिओ' सुचायचा आणि निर्माता रॉय थॉमस बेकर पात्यानं टेप कापून नवा तुकडा जोडायचा. असा छेद तिरका घेतात, म्हणजे एक आवाज सरत असताना दुसरा सुरू होतो आणि सांध्यावर 'टक्' होत नाही.

टेप हेडवरून इतक्या वेळा घासली गेली, की उजेडासमोर धरली तर आरपार दिसायला लागली. तपकिरी थर झडत होता, म्हणजे गाणंच झडत होतं. यात आधी बळी जातात ते उंच कंपनांचे आवाज. सेकंदाला 76 सेंटिमीटर वेगाच्या टेपवर 100 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 100 कंपनांची, एक लाट साडेसात मिलिमीटर लांब असते, तर 10,000 हर्ट्झची मिलिमीटरच्या तेराव्या भागाएवढी. आखूड लाटेचं चुंबकत्व थराच्या अगदी वरच्या पापुद्र्यात असतं. तो झिजला किंवा टेप हेडपासून किंचित जरी दूर राहिली, तरी 'स' आणि 'श' यांची धार जाते. कॅसेटमध्ये टेपचा वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर, तिथे हीच लाट सोळापट आखूड. आवडती कॅसेट चारदोन वर्षांत घोगरी का व्हायची, ते इथे कळतं. क्वीनला मात्र वेळेत नवी प्रत काढून पुढे जाता आलं.

ऑपेराच्या शेवटी आवाजांचा डोंगर वर वर चढत जातो आणि त्याच्या टोकावर रॉजर टेलरचा एक सूर उरतो. हा ड्रमर तो फॉल्सेटोत गायला आहे, म्हणजे स्वरतंतू पूर्ण न मिटता त्यांच्या फक्त पातळ कडा थरथरतात. त्या सुरासाठी त्या कडा सेकंदाला सुमारे 932 वेळा हलत होत्या. सूर अजून कानात असतानाच खालून गिटार कोसळते. आणि पुढे सगळं शांत झाल्यावर हाच टेलर एका मोठ्या गाँगवर हलकेच एक ठोका देतो.